आकडा पाहून कामावरून तं नाही काढत ना, भाऊ?

परवा रात्री घरी पोराच्या मोबाइलवर एक खेळ चालला होता. खेळ एकदम साधा. स्क्रीन लाल असते. मग कधीतरी अचानक हिरवी होते. हिरवी झाली रे झाली की बोट टेकवायचं. किती वेळ लागला ते मिलिसेकंदात खाली दिसतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्यानं पाहिलं आणि हातानं केलं, या दोघांचा मेळ किती लवकर बसतो, ते पाहायचं. बस्स, इतकंच.

पोराचे आकडे आले २३८, २४५, २२९. माझे आले ३१२, ३४०, ३०५. "बाबा, तुम्ही तर गेले कामातून," म्हणून पोरगं हसलं. तेवढ्यात शेजारचे दादा आले. पंचावन्नच्या आसपास वय. मजुरी करतात आणि पावसाळ्यात लोकांच्या वावरात पाठीवर पंप घेऊन फवारा मारतात. पोरानं त्यांच्याही हाती मोबाइल दिला. पहिल्या वेळी हिरवं व्हायच्या आधीच बोट पडलं. मग ५१०. मग ६८०. मग ४६०.

दादांनी आकड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हसत म्हणाले, "आकडा पाहून कामावरून तं नाही काढत ना, भाऊ?"

सगळे हसलो. पण मला ते वाक्य काही केल्या सोडेना. कारण मित्रहो, या खेळाचा इतिहास शोधत गेलो तर त्याची सुरुवातच एका माणसाला आकडा पाहून कामावरून काढण्यापासून होते. आणि तो इतिहास फिरून फिरून आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबतो. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा.

गोष्ट १७९६ सालची. इंग्लंडमधली ग्रीनिच वेधशाळा. तिथले मुख्य खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन, आणि त्यांच्या हाताखाली डेव्हिड किनब्रुक नावाचा सहायक. काम असं, की दुर्बिणीतून तारा पाहायचा. दुर्बिणीच्या भिंगात बारीक उभ्या तारा ताणलेल्या असत. आकाशातला तारा त्या तारेवरून नेमका कधी सरकला, ती वेळ लिहायची. शेजारी लंबकाचं घड्याळ टिकटिक करायचं. डोळा ताऱ्यावर, कान टिकटिकीवर, आणि सेकंदाचा दहावा भाग मनातल्या मनात अंदाजानं काढायचा. आपल्या मोबाइलच्या खेळाचीच ही जुनी आणि जास्त अवघड आवृत्ती समजा.

मॅस्केलिनसाहेबांच्या लक्षात आलं की त्यांची वेळ आणि किनब्रुकची वेळ जुळत नाही. १७९५ च्या ऑगस्टमध्ये फरक होता अर्ध्या सेकंदाचा. त्यांनी पोराला बजावलं. पण फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला. १७९६ च्या जानेवारीत तो ०.८ सेकंदावर गेला. आपल्याला वाटेल, पाऊण सेकंदानं काय होतं? पण तेवढ्या वेळात पृथ्वी विषुववृत्तावर सुमारे ३७० मीटर फिरते. या वेळांवरच घड्याळं लावली जायची, नकाशे आणि जहाजांचे मार्ग त्यावर चालायचे. साहेबांनी ठरवलं, पोराला काम जमत नाही. किनब्रुकची नोकरी गेली.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. चूक किनब्रुकची आहे हे ठरवलं कोणी? ज्याचा आकडा वेगळा होता, त्या दुसऱ्या माणसानं. साहेबाचा आकडा बरोबर आणि नोकराचा चूक, हे आधीच धरून चाललं होतं. साहेबाच्याही डोळ्याला आणि कानाला वेळ लागतच असेल, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

तो विचार यायला वीसेक वर्षं लागली. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी ग्रीनिचची ही जुनी हकीकत वाचली. त्यांना शंका आली. १८२० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या वेळा इतर नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या वेळांशी ताडून पाहिल्या. एकेका जोडीत सेकंदाहून जास्त फरक निघाला! म्हणजे यात नोकराचा आळस वगैरे काही नव्हता. प्रत्येक माणसाचा डोळा, कान, मेंदू आणि हात यांचा आपापला वेळ असतो, आणि तो ज्याचा त्याचा असतो. खगोलशास्त्रज्ञांनी याला नाव दिलं, वैयक्तिक समीकरण. तेव्हापासून दोन निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करायच्या तर आधी त्यांच्यातला फरक काढायचा आणि तेवढा हिशोबात धरायचा, अशी रीत पडली.

किनब्रुकला मात्र हे कळलं नाही. तो १८०२ मध्येच वारला होता.

पुढं या मोजणीचं एक शास्त्रच झालं. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञानं बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजलं. तोवर लोकांना वाटायचं की नसेतला संदेश क्षणात पोचतो. तसं नाही, त्यालाही वेळ लागतो, हे दिसलं. हिप नावाच्या कारागिरानं सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं घड्याळ बनवलं. नेदरलँड्सच्या डोंडर्स यांनी १८६० च्या दशकात माणसाच्या पायांना हलका विजेचा झटका देऊन पाहिला. झटका कोणत्या पायाला बसणार हे आधी माहीत असेल तर माणूस लवकर हात हलवतो. माहीत नसेल तर सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग जास्त लागतो. म्हणजे 'डावा की उजवा' एवढं ठरवायलाही मेंदू वेळ खातो, आणि तो वेळ मोजता येतो. आज रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत पोरं कॉम्प्युटरवर जी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देतात, ती याच वाटेवरची.

आता आपल्या खेळाकडं येऊ. हिरवा रंग दिसल्यावर बोट पडायला धडधाकट तरुण माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. आवाज ऐकून हलायचं असेल तर याहून थोडा कमी वेळ लागतो. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो हलला तो फाउल धरतात, कारण इतक्या लवकर ऐकून हलणं माणसाला जमत नाही, असं मानलं जातं. वय वाढलं, झोप कमी झाली, दारू पोटात गेली की आकडा वाढतो.

पण मोबाइलवरच्या आकड्यात मोबाइलचाही वेळ मिसळलेला असतो. स्क्रीनला रंग बदलायला वेळ लागतो, बोट ओळखायलाही लागतो. जुन्या फोनमध्ये ५० ते १०० मिलिसेकंद असेच जातात. बोट कोरडं, खरखरीत, घट्टे पडलेलं असेल तर स्क्रीन पहिल्यांदा ओळखतही नाही. म्हणून दादांचा ६८० पाहून मी काहीच ठरवलं नाही. आयुष्यभर इळा आणि डवरं धरलेला तो हात आहे.

मोबाइलपेक्षा खरा हिशोब ३० सेंटिमीटरच्या शाळेच्या पट्टीत आहे. एकानं पट्टी उभी धरायची, शून्याचं टोक खाली. दुसऱ्यानं शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, पट्टीला न लागता. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं पकडायची. जिथं पकडली तिथला आकडा वाचायचा. पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडली तर ०.१७५ सेकंद. २० वर ०.२०, २५ वर ०.२३, ३० वर ०.२५ सेकंद. गुरुत्वाकर्षण सगळ्यांसाठी सारखंच. इथं नेटवर्क नको, बॅटरी नको.

तसं पाहिलं तर आपल्या गावात हा मेळ तपासायला पट्टीही लागत नव्हती. गोट्या होत्या, विटी-दांडू होता. खडे उडवून झेलणाऱ्या पोरी होत्या. जोंधळ्यात मचाणावर बसून गोफण फिरवणारा म्हातारा होता. आणि आजही आहे ती कापूस वेचणारी बाई. जरा हिशोब करा. एका बोंडातून साधारण ४ ग्रॅम कापूस निघतो. किलोला अडीचशे बोंडं झाली. बाईनं दिवसात ३० किलो वेचला तर साडेसात हजार बोंडं. प्रत्येक बोंडाला डोळ्यानं नेम धरायचा, वाळलेल्या पात्यांची टोकं बोटाला टोचू न देता कापूस पूर्ण काढायचा, कचरा येऊ द्यायचा नाही. साडेसात हजार वेळा. यवतमाळ जिल्ह्याचं पांढरं सोनं म्हणतात ते या हात-डोळ्यांच्या मेळावर उभं आहे. त्याची मजुरी किलोवर मोजतात, तो मेळ मात्र कोणी मोजत नाही.

आता मूळ मुद्दा.

२०१७ चा पावसाळा आठवा. त्या वर्षी पराटी डोक्याच्या वर गेली होती. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानत नव्हती. लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. उंच पराटीत फवारा वरच्या दिशेनं मारावा लागे आणि तो तोंडावर, छातीवर परत येई. दमट उकाडा, अंगाला घाम, कपडे ओले. ऑगस्टपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फवारणीवाल्यांची रांग लागली. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली. शेकडो लोक भरती झाले. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. देशभरातले पत्रकार आले.

भरती झालेल्यांपैकी अनेकजण एकच गोष्ट सांगत होते, "दिसत नाही, धूसर दिसते." त्यामागचं कारण असं. कपाशीवरच्या बऱ्याच औषधांत ऑर्गनोफॉस्फेट गटाचं विष असतं. सगळीच औषधं या गटातली नसतात, पण मोनोक्रोटोफॉससारखी जुनी, स्वस्त औषधं याच गटातली. आपल्या नसेकडून स्नायूला संदेश देताना एक रसायन सुटतं, आणि काम झालं की ते पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं. त्याचं नाव कोलिनेस्टरेज. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकतं. मग संदेश पुसलाच जात नाही. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, समोरचं धूसर दिसतं, घाम आणि लाळ सुटते, स्नायू फडफडतात, मग हातातली शक्ती जाते. जास्त झालं तर श्वास थांबतो. म्हणजे ज्या मेळाचा आपण मोबाइलवर खेळ करतो, डोळा ते मेंदू ते हात, नेमकी तीच वाट हे विष अडवतं.

शेजारचे दादा त्या वर्षी चार दिवस दवाखान्यात होते. मला तेव्हा ते नीट माहीतही नव्हतं. मी गावोगाव फिरून बातम्या करत होतो आणि शेजारच्या घरात काय झालं ते मला महिन्यानं कळलं.

आणि आणखी एक कबुली द्यायची आहे. त्या दिवसांत मी जितक्या जणांशी बोललो, त्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न होता, "मास्क लावला होता का? हातमोजे होते का?" डॉक्टरही तेच विचारत, अधिकारीही तेच विचारत. मास्क जरुरीचा आहे, त्यात वाद नाही. पण भर उन्हात प्लास्टिकचे कपडे घालून, पाठीवर भरलेला पंप घेऊन, डोक्याच्या वर गेलेल्या पराटीत एक तास चालून पाहा, मग बोला. माझ्या प्रश्नात दोष आधीच ठरलेला होता. मॅस्केलिनसाहेबांनी तेच केलं होतं. आकडा जुळत नाही म्हणजे सहायक चुकला. माणूस पडला म्हणजे मजूर चुकला.

मी जो प्रश्न विचारायला हवा होता तो असा : "फवारणीच्या आधी तुमचं रक्त कोणी तपासलं होतं का?"

हा प्रश्न का, ते सांगतो. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं कारखान्यात आणि शेतात विषारी रसायनं हाताळणाऱ्या कामगारांसाठी सात सोप्या चाचण्यांचा एक संच सुचवला. त्यात दिवा लागला की बटण दाबायचं ही चाचणी आहे, म्हणजे आपला लाल-हिरवा खेळच. बारीक बारीक गोलांत पेनानं भराभर ठिपके द्यायचे, हीसुद्धा आहे. खुंट्या उचलून, फिरवून परत खाचेत बसवायची आहे. माणूस आजारी दिसायच्या आधी हात-डोळ्यांचा मेळ बिघडायला लागतो का, हे पाहायचा तो प्रयत्न. शेतीऔषधं मारणाऱ्या मजुरांवर जगभर अशा चाचण्या झाल्या आहेत.

पण इथं बेसेलची शिकवण लागते. एका माणसाचा ३०० हा आकडा चांगला की वाईट, हे दुसऱ्याच्या २३० कडं पाहून कळत नाही. त्याचाच मागचा आकडा काय होता, हे माहीत असेल तरच कळतं. रक्तातल्या कोलिनेस्टरेजचंही अगदी तसंच आहे. ते माणसागणिक खूप वेगळं असतं. ज्याचं मुळात जास्त आहे त्याचं बरंच घटलं तरी रिपोर्टवर 'नॉर्मल' येऊ शकतं. म्हणून हंगामाच्या आधी, अंगावर औषध पडायच्या आधी एकदा तपासून आकडा लिहून ठेवायचा, आणि मग हंगामात ताडत राहायचं.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून हा नियम आहे. ऑर्गनोफॉस्फेटसारखी औषधं ठराविक काळाहून जास्त हाताळणाऱ्या मजुराचं रक्त आधी तपासतात. हंगामात त्याचा आकडा स्वतःच्याच आधीच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली गेला तर काम कसं चाललंय ते मालकाला तपासावं लागतं. आणखी घसरला तर त्या माणसाला औषधापासून दूर ठेवावं लागतं, आकडा वर येईपर्यंत. म्हणजे तिथंही आकडा पाहून फवारणीवरून काढतातच. फरक एवढाच, की तिथं त्याला शिक्षा म्हणून काढत नाहीत, वाचवायला काढतात.

तुम्ही म्हणाल, ती अमेरिका, आपल्याकडं कुठलं आलं असं. तर आता ऐका. आपल्याकडं वैद्यकीय तपासणीचा नियम त्याच्याही आधीचा आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याखालचे कीटकनाशक नियम १९७१ चे. त्यातला नियम ३७ काढून वाचा. फवारणीच्या कामावर घेतलेल्या माणसाची कामाआधी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटाच्या औषधांसाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजायचीही तरतूद त्यात आहे. विषबाधेची लक्षणं दिसली की लगेच तपासणी आणि उपचार. हे नियम पन्नास वर्षांहून जास्त काळ कागदावर आहेत.

मग अडतं कुठं? नियमाला कामावर ठेवणारा मालक लागतो आणि कामावरचा माणूस लागतो. आपल्याकडं फवारणीवाला आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. पंपामागं मजुरी घेतो आणि संध्याकाळी घरी जातो. मालक म्हणजे पाच एकरवाला शेतकरी, तो स्वतःही दुसरा पंप घेऊन बाजूच्या तासात असतो. त्यानं कोणाचं रक्त कुठून तपासावं? मी तरी आजवर एकाही फवारणीवाल्याच्या घरी असा जुना रिपोर्ट पाहिलेला नाही. तुमच्या गावात कोणाकडं असेल तर मला जरूर दाखवा, आनंदच होईल.

म्हणून मागणी एकच आहे आणि साधी आहे. मे-जूनमध्ये, फवारणी सुरू व्हायच्या आधी, प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणीवाल्यांचं रक्त घ्या, कोलिनेस्टरेजचा आकडा त्यांच्याच हातातल्या कार्डावर लिहून द्या, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत मोजा. गावात फवारणी कोण करतो हे सरपंचापासून कृषी सहायकापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. यादी करायला एक दिवस लागतो. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठरावात नियम ३७ असा आकडा घालून मांडा. आकडा घातला की उत्तर द्यावं लागतं.

एक इशारा देऊन ठेवतो. मोबाइलचा खेळ किंवा पट्टी ही विषबाधेची तपासणी नाही. आकडा चांगला आला म्हणून घरी थांबू नका. फवारणीनंतर धूसर दिसलं, मळमळ झाली, खूप घाम आला, अंग थरथरलं तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. कोणतं विष आहे ते डॉक्टरांना डब्यावरूनच कळतं.

काल संध्याकाळी दादांना पुन्हा बोलावलं. या वेळी मोबाइल नाही, पोराची पट्टी घेतली. पाच वेळा सोडली. २६, २४, २९, २५, २४. मोबाइलवर जितके ढिले वाटले होते, तितके ते नव्हतेच. वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून पाचही आकडे लिहिले आणि ते पान फाडून त्यांनाच दिलं.

"याचं का करू?" त्यांनी विचारलं.

"घरी ठेवा. जूनमध्ये पुन्हा घेऊ, सप्टेंबरमध्ये पुन्हा. आणि रक्ताचा आकडा मिळाला तर तोही याच पानावर लिहू."

त्यांनी पानाची घडी घालून खिशात ठेवली. जाता जाता म्हणाले, "दवाखान्यात गेलो होतो तेव्हा सगळे मलेच इचारत होते, तू काय केलं, तू काय केलं. आधीचा आकडा कोणीच नाही इचारला, भाऊ."